अंगावर पित्त उठले, की शेंगदाणा नडला?

पाटोद्याकडच्या एका खेड्यातील आजीबाई आपल्या नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार एकच होती. "डॉक्टर, पोराला पित्ताचा लई तरास हाय. एकादस आली की अंगावर उठतंच बघा." मुलगा आजीच्या मागे लागून हौसेने एकादशी धरत असे. फराळाची खिचडी खाल्ली की अर्ध्या तासाच्या आत त्याच्या अंगावर लाल गांधी उठत, ओठ सुजत, थोडा खोकला येई. आजी अंगाला आमसुलाचे पाणी चोळीत, पांघरूण घालून निजवीत आणि पोटात थंडावा म्हणून कपभर गार दूध पाजीत. दोन तासांत पोरगे उठून खेळायला जाई. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी मात्र गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, आवाज बसला, श्वासाची घरघर ऐकू येऊ लागली. मोटारसायकलवर मध्ये धरून त्याला गाठले तेवढ्या डॉक्टरकडे नेले म्हणून तो वाचला.

उपाशी राहिल्याने पित्त खवळते, असा आजीबाईंचा हिशेब. मी मुलालाच विचारले, "तुला शेंगदाण्याची चटणी आवडते का रे?" तो म्हणाला, "नाही. तोंडात खाजवतं." घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते, पोराचे नखरे म्हणून सोडून दिलेले. त्यांच्या घरी रोजच्या भाजीला कारळ्याचा नाही तर जवसाचा कूट. शेंगदाणा विकत आणावा लागतो, म्हणून तो उपवासापुरताच. म्हणून दुखणे एकादशीलाच येत होते. पुढे रीतसर तपासणी झाली आणि शेंगदाण्याची ॲलर्जी पक्की ठरली.

हा मुलगा नडला तो एका शब्दामुळे. आपण 'पित्त' हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना वापरतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोके दुखून उलटी होणे, हे एक पित्त. अंगावर खाजणाऱ्या गांधी उठणे हे दुसरे. पहिले पोटातल्या आम्लाचे दुखणे आहे. दुसऱ्याचा त्या आम्लाशी काही संबंध नाही. ती पुष्कळदा ॲलर्जी असते. पण नाव एकच असल्याने उपायही एकच होतो, आणि शेंगदाण्याने पित्त होते असे आपण पूर्वापार म्हणतच आलो आहोत! ज्याला दुधाचेच वावडे आहे त्याला 'पित्तावर' गार दूध पाजले तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

वावडे हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला माशांचे वावडे, असे जुनी माणसे सहज म्हणत. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने घडवला. होते असे की, आपले शरीर जंतूंशी लढण्यासाठी जी यंत्रणा बाळगते ती एखाद्या साध्या अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजून बसते. त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार होऊन ती विशिष्ट पेशींवर चिकटून राहतात. पुढच्या वेळी तेच अन्न पोटात गेले की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि इतर द्रव्ये ओततात. त्वचेत ओतली तर गांधी, आतड्यात ओतली तर उलट्या-जुलाब, श्वासनलिकेत ओतली तर दम लागणे, आणि सर्व रक्तवाहिन्या एकदम सैल पडल्या तर रक्तदाब कोसळून शुद्ध हरपणे. अन्नाच्या एका घासालाही हे होऊ शकते. खाण्याच्या प्रमाणाशी त्याचा मेळ नसतो, ही गोष्ट लोकांना पटवणे फार जड जाते. "थोडंसंच तर दिलं होतं" हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो.

आता प्रत्येक पोटदुखीला ॲलर्जी म्हणण्याची जी नवी फॅशन आली आहे तिच्याबद्दलही बोलले पाहिजे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले; दोऱ्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवून उघड्यावर उपचार करावे लागले. आपल्याकडेही नवरात्रात, एकादशीला भगरीची अशी प्रकरणे घडतात. ती ॲलर्जी नव्हे, विषबाधा होय. जुन्या, दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचे विष शिजवूनही जात नाही. ओळखायचे कसे? एकाच पंगतीतील बहुतेकांना त्रास झाला तर अन्न खराब. पंगतीतील एकालाच झाला, आणि तेच अन्न खाल्ल्यावर दर वेळी झाला, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा.

दूध प्याल्यावर पोट फुगणे, गुडगुडणे, जुलाब होणे हा प्रकार मोठ्या माणसांत आपल्याकडे बराच आढळतो. तीही ॲलर्जी नाही. दुधातील साखर पचवणारा रस वयानुसार कमी झालेला असतो, एवढेच. अशा माणसाला दही, ताक सहसा चालते आणि चुकून दूध गेले तरी जिवाला धोका नसतो. खऱ्या ॲलर्जीवाल्याला दही, ताक, पनीर, पेढा यांपैकी काहीही धोक्याचेच.

किती जणांना हे दुखणे असते? शेजारच्या कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर भागातील प्रौढांची मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्ताच्या तपासणीत शंभरात सुमारे २६ जणांमध्ये कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले. पण ते अन्न खाऊन खरोखर त्रास होणारे, म्हणजे ज्यांना अन्नाची ॲलर्जी असण्याचा दाट संभव आहे असे, शंभरात जेमतेम सव्वा निघाले. हा आकडा वाचकांनी कापून ठेवावा असा आहे. रक्ताचा कागद 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे ॲलर्जी झाली असे नाही. आजकाल एकदम शंभर-दोनशे पदार्थांची तपासणी करून देणारी पाकिटे निघाली आहेत. त्यांत पुष्कळदा आयजीजी नावाची दुसरीच प्रतिद्रव्ये मोजतात, आणि ती तर आपण जे जे खातो त्या सर्वांविरुद्ध निरोगी माणसातही असतात. हजारो रुपये मोजून गहू, दूध, तूर, वांगी, टोमॅटो सगळे बंद करून बसलेली आणि वर्षभरात वाळून गेलेली मुले मी पाहिली आहेत. आधी हकिकत, मग तपासणी, हा क्रम मोडू नये.

हकिकतीसाठी एक वही घालावी. काय खाल्ले, किती वाजता, त्रास किती वेळात सुरू झाला, काय काय झाले, कोणते औषध घेतले, त्या दिवशी ताप होता का, पळापळ किंवा शेतातील कष्टाचे काम झाले होते का. काही लोकांना गहू एरवी पचतो, पण पोळ्या खाऊन लगेच जोराचे काम केले तरच गांधी उठतात. बहुतेक खरी ॲलर्जी खाल्ल्यापासून काही मिनिटे ते दोन तासांत प्रकट होते. ही वही घेऊन त्वचारोग किंवा बालरोगतज्ज्ञाकडे जावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. त्वचेवर टोचून करायची तपासणी असेल तर सेटिरिझिनसारख्या गोळ्या काही दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद कराव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. आणि "खरंच नडतंय का बघू" म्हणून घरी पुन्हा तो पदार्थ चाखवून पाहू नये. ही परीक्षा इस्पितळातच, औषधे हाताशी ठेवून घेतात.

पथ्य म्हटले की लोकांना वाटते, दुखणेकऱ्याची यादी लांबलचक असली पाहिजे. इथे उलट आहे. जो पदार्थ नडतो तो पूर्ण बंद, बाकी सर्व चालू. आंबट, तिखट, वांगी, केळी उगाच बंद करण्यात अर्थ नाही. मात्र 'पूर्ण बंद' हे शब्द बोलायला सोपे आणि पाळायला अवघड, विशेषतः शेंगदाण्याच्या बाबतीत. आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाणा कुठे नाही, असे विचारावे. भाजीतला कूट, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, साबुदाण्याची खिचडी आणि वडे, भगरीबरोबरची आमटी, चिवडा, चिक्की, भोगीची भाजी, तिळगूळ. हलवायाकडच्या स्वस्त काजूच्या बर्फीत कधी कधी काजूऐवजी शेंगदाणाच वाटलेला असतो. भज्यांच्या गाडीवरचे तेल कशाचे आणि त्यात आधी काय तळले, हे सांगता येत नाही. कारखान्यातील शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते राहते. घाण्याचे तेल आरोग्याला चांगले म्हणून हल्ली पुन्हा खप वाढला आहे. ॲलर्जीवाल्याच्या घरी मात्र शेंगदाण्याचे घाण्याचे तेल नकोच. मराठवाड्याचे जुने तेल करडईचे. ते आणावे.

शेंगदाणा हा गरिबाचा बदाम आहे. तो ताटातून काढला तर तेवढी प्रथिने आणि स्निग्धांश दुसरीकडून भरून काढावा लागतो, नाहीतर पोराचे वजन थांबते. येथे आपल्या आज्यांची चटण्यांची परंपरा कामाला येते. जवस, कारळे, तीळ भाजून केलेल्या चटण्या आणि कूट शेंगदाण्याची जागा चांगली घेतात. फुटाण्याच्या डाळ्याचा कूट रस्सा दाट करायला चालतो. अट एकच: हे पदार्थ त्या व्यक्तीला आधीपासून सोसत असले पाहिजेत, कारण तिळाची ॲलर्जीही असते आणि हरभऱ्याची तर आपल्या देशात चांगलीच नोंदली गेली आहे. शेंगदाणा हा बदाम-काजूच्या जातीचा नसून तूर, मूग, हरभऱ्यासारखा शेंगवर्गातला आहे. हे कळल्यावर काही पालक घाबरून सर्व डाळी बंद करतात. तसे करू नये; शेंगदाणा न चालणाऱ्या बहुतेकांना तूर-मुगाचे वरण बिनघोर चालते. उपवासच धरायचा असेल तर राजगिरा, रताळी, दूध, फळे आहेत. पण मुलाला खिचडी करताना मोठ्यांच्या खिचडीतील दाणे वेचून काढून देणे, किंवा तोच चमचा, तोच मिक्सरचा डबा वापरणे, हे पथ्य नव्हे. कूट एकदा मिसळला की वेचता येत नाही. त्याचे भांडे, मिक्सरचे भांडे वेगळे ठेवावे आणि त्याचा घास आधी करून बाजूला काढावा.

तान्ह्या मुलांत दुधाची ॲलर्जी मुख्य. वरचे दूध सुरू केल्यावर गांधी, उलट्या, शौचात रक्त अशी लक्षणे दिसली तर बाळाला डॉक्टरांकडे न्यावे. आईचे दूध बंद करू नये. गरज पडली तर डॉक्टर आईलाच काही आठवडे दुधाचे पदार्थ सोडायला सांगतात. गाईचे नडते म्हणून शेळीचे, म्हशीचे देऊन पाहण्याचा सल्ला शेजारीण हमखास देते. या तिन्ही दुधांतील प्रथिने इतकी सारखी आहेत की ज्याला एक नडते त्याला बहुधा दुसरेही नडते. अशा बाळांसाठी प्रथिने फोडून तयार केलेली खास पावडर मिळते. ती महाग आहे हे खरे. वर्षापुढच्या मुलाला चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळावे म्हणून नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला आहारात वाढवावा. दिलासा असा की दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयात ओसरते. शेंगदाण्याची मात्र पाचातील साधारण एकाचीच जाते. म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी डॉक्टरांकडून पुन्हा पाहून घ्यावे. अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. ती अशा मुलांना चालते.

गव्हाबद्दल थोडक्यात. गव्हाची ॲलर्जी वेगळी आणि सीलिॲक हा आतड्याचा विकार वेगळा, पण दोन्हींत गहू सोडावा लागतो. पंजाबातील माणसाला हे फार कठीण जाते. आपण ज्वारी-बाजरीच्या मुलखात आहोत. मात्र भाकरीचे पीठ ज्या गिरणीत आधी गहू दळला तिच्यातूनच काढले तर गव्हाचा अंश येतोच. सीलिॲकच्या रोग्याने घरघंटी घ्यावी, किंवा गिरणीवाल्याला सांगून दगड झाडून पहिले दोन-तीन किलो दुसऱ्याचे दळून घ्यावे, हा अर्धा उपाय झाला. जमल्यास जात्यावरचे उत्तम.

बंद पाकिटाचा खाऊ घेताना पाठीमागचे बारीक अक्षर वाचावे. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याचा वर्ग, शेंगदाणे व बदाम-काजू वर्ग, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांचा पाकिटावर स्पष्ट उल्लेख सक्तीचा आहे. तीळ आणि हरभरा त्या यादीत नाहीत, तेव्हा त्यांची ॲलर्जी असणाऱ्याने घटकांची पूर्ण यादी वाचावी. सुट्या मालाला हा नियम उपयोगी पडत नाही. आठवडी बाजारातील चिवड्यावर कोण काय लिहिणार?

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा घरातील मुलाला ॲलर्जी असेल तर पाच-सहा महिने तो अनोळखी मुलखात, कोपीवर, शेजाऱ्यांच्या ताटातले खाणार. मुकादमाला आणि शेजारच्या दोन कोयत्यांना आधीच सांगून ठेवावे. मुलाच्या नावाचा आणि नडणाऱ्या पदार्थाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मराठी आणि, कर्नाटकात जात असाल तर, कानडीतूनही लिहून घ्यावा. जवळचे सरकारी आरोग्य केंद्र कुठे आहे, हे गेल्या गेल्या पाहून ठेवावे. शाळेत राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत गुरुजींना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना सांगणे तितकेच गरजेचे. मुलाला वेगळे बसवू नये, फक्त चिक्कीच्या दिवशी त्याला केळे द्यावे.

एवढे करूनही कधीतरी चूक होते. नुसत्या गांधी उठल्या असतील तर सेटिरिझिनसारखी गोळी पुरते आणि तासभर लक्ष ठेवावे. परंतु गांधींबरोबर आवाज बसला, गिळता येईना, छातीत घरघर लागली, सारख्या उलट्या झाल्या, चक्कर आली किंवा मूल एकाएकी गळून गेले, यांपैकी एक जरी झाले तरी गोळीची वाट पाहू नये. या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि तिच्यावर पहिले औषध एकच, ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, डोस वजनावर ठरतो, आणि गुण न आल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देता येते. हे औषध महाग नाही आणि दुर्मिळही नाही. लसीकरणाच्या जागी ते मुद्दाम ठेवलेले असते. म्हणून लांबच्या मोठ्या इस्पितळाच्या नादी न लागता सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि पोहोचताच "ॲलर्जीचा झटका आहे, शेंगदाणा खाल्ला" असे मोठ्याने सांगावे. 'पित्त उठले आहे' असे सांगितलेत तर रांगेत बसवतील. १०८ क्रमांकाची गाडी मागवावी. तोवर रुग्णाला आडवे निजवून पाय उंचावर ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. रक्तदाब पडलेला माणूस एकदम उभा केल्याने दगावू शकतो. तूप पाजणे, बोटे घालून ओकारी काढणे, आमसूल चोळत बसणे यात मोलाची मिनिटे जातात. बरे वाटले तरी काही तास दवाखान्यात थांबावे, कारण झटका पुन्हा उलटतो. ज्यांना दमा आहे त्यांना हा धोका अधिक.

राहिला तान्ह्या बाळांचा प्रश्न. शेंगदाणा इतका घातक, तर बाळाला तो तीन वर्षांपर्यंत देऊच नये का? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली धोका असलेल्या मुलांसाठी असाच सल्ला दिला होता आणि २००८ साली तो मागे घेतला. मग लंडनमध्ये डॉ. गिडियन लॅक यांनी ६४० बाळांवर प्रयोग केला. ही बाळे अंगावर तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जास्त धोक्यातली होती. निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचा मऊ खाऊ नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षे अजिबात दिला नाही. २०१५ साली निकाल आला. न खाणाऱ्यांत शंभरात सुमारे १७ मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत तिघांना. तेव्हा सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट पेजेत, वरणभातात कालवून थोडा थोडा द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंडे आधीच नडले असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी.

तो पाटोद्याकडचा मुलगा आता मोठा झाला आहे. एकादशी अजून धरतो. आजी त्याच्यासाठी राजगिऱ्याची लापशी आधी करतात, मग घरच्यांच्या खिचडीला शेंगदाण्याचा डबा उघडतात. गेल्या खेपेला त्या सांगत होत्या की गावात दिंडी मुक्कामाला आली तेव्हा फराळ वाटणाऱ्या विणेकऱ्याला पोराने स्वतःच विचारले, "माउली, ह्यात दाणे हायत का?"